दसऱ्यानंतर खुडूक बसवा : परसातील कोंबड्यांसाठी हंगामी सल्ला

सातारा व सांगली जिल्ह्यांत कोंबडी वर्षभरात केव्हाही खुडूक (अंडी उबवण्यासाठी बसून राहणारी) होत असली, तरी पिल्ले काढण्यास दसरा ते संक्रांत हाच काळ योग्य आहे. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे पावसाळ्यात खुराड्याची जमीन ओलसर राहून पिल्लांना रक्ती हगवण लागते, तर जत, आटपाडी, माण, खटाव या भागांत मार्चनंतरच्या उन्हामुळे साठवलेली अंडी कोंबडीखाली जाण्याआधीच बिघडतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीस अंडी बसवली, तर महिनाअखेरीस पिल्ले निघतात, उन्हाळा सुरू होईपर्यंत ती तीन महिन्यांची होऊन अंगावर पूर्ण पिसे आलेली असतात आणि त्यांतील तलंगा (तरुण माद्या) पावसाळ्याच्या तोंडाशी अंड्यावर येऊ लागतात.

दिवसभर जागा न सोडणारी, जवळ गेल्यास पिसे फुलवून खुडखुडणारी आणि रात्रीही खुराड्याच्या काठीवर न जाता अंड्यांच्या जागीच बसून राहणारी कोंबडी खरी खुडूक समजावी. एक-दोन दिवस तिच्याखाली साधी अंडी ठेवून ती टिकून बसते का ते पाहावे आणि मगच निवडक अंडी द्यावीत. अंडी एकाच वेळी व शक्यतो संध्याकाळी ठेवावीत, कारण अंधारात कोंबडी नवी जागा लवकर स्वीकारते.

पिल्ले कमी निघाली की दोष कोंबडीला दिला जातो. बहुतेक वेळा मात्र चूक अंड्यांच्या निवडीत झालेली असते. आठ-दहा कोंबड्यांमागे एक तरणा कोंबडा असावा. अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत, ती माठाजवळच्या गार जागेत निमुळते टोक खाली करून ठेवावीत आणि मळकट अंडे धुण्याऐवजी बाजूला काढावे. धुतल्याने कवचावरील संरक्षक थर जातो व छिद्रांतून जंतू आत शिरतात. देशी कोंबडीखाली तिची स्वतःची दहा ते बारा अंडी पुरतात. गिरिराज किंवा वनराजा या सुधारित जातींची अंडी आकाराने मोठी असल्याने आठ-नऊच ठेवावीत, कारण पोटाखाली न मावणारे अंडे रोज नवे असते आणि अशा रीतीने एकेक करून सगळीच थंडीला लागतात. सुधारित जातींच्या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत, त्यामुळे त्यांची पिल्ले घरी काढायची असल्यास गावठी कोंबडीवाचून पर्याय नाही.

पसरट पाटीत किंवा जुन्या घमेल्यात तळाशी थोडी माती, तिच्यावर भाताचा पेंढा किंवा मऊ सरमाड आणि मध्ये हलका खोलगट भाग, एवढी जागा पुरे. बसवण्यापूर्वी कोंबडीच्या पंखाखाली व शेपटीच्या बुडाशी पिसे उलटी करून उवा तपासाव्यात. उवांनी हैराण झालेली कोंबडी ऐन दहाव्या-बाराव्या दिवशी अंडी सोडून उठते. कीटकनाशक भुकटी पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच वापरावी. बसलेल्या कोंबडीला अख्खा मका किंवा ज्वारी द्यावी आणि दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटे उठू द्यावे, म्हणजे ती विष्ठा टाकून, पाणी पिऊन, धुळीत लोळून परत येते. अंडी फिरवण्याचे काम ती स्वतः करते, त्यात माणसाने हात घालू नये.

सातव्या रात्री अंडी तपासावीत. जाड पुठ्ठ्याला अंड्यापेक्षा लहान भोक पाडून त्यावर अंड्याचा रुंद भाग टेकवावा व मागून मोबाइलची बॅटरी धरावी. आत कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा दिसल्यास अंडे जिवंत आहे, आरपार स्वच्छ दिसल्यास ते फळलेले नाही आणि नुसते लाल कडे दिसल्यास गर्भ मेलेला आहे. दोन-तीन कोंबड्या एकाच दिवशी बसवल्या असतील, तर निकामी अंडी काढल्यावर उरलेली एकत्र करता येतात.

विसाव्या दिवसापासून कवचाला टोचे पडू लागतात. या वेळी कवच सोलून पिल्लाला मदत करण्याचा मोह टाळावा, कारण आतल्या पडद्याच्या शिरांतून रक्त गेल्यास पिल्लू दगावते. बलकाचा उरलेला अंश पोटात गेलेला असल्याने निघालेले पिल्लू दोन दिवस दाण्याविना तग धरते. त्यामुळे सर्व पिल्ले निघून सुकेपर्यंत कोंबडीला उठवू नये.

पहिले दोन-तीन आठवडे कोंबडीसह पिल्ले डालग्याखाली (बांबूच्या मोठ्या टोपलीखाली) ठेवावीत. वाळवा, कराड पट्ट्यात याच दिवसांत ऊसतोड चालू असते आणि फडातला आडोसा गेलेले मुंगूस वस्तीकडे वळते, म्हणून रात्री डालग्यावर दगड ठेवावा. पाण्याचे भांडे उथळ असावे व त्यात खडे टाकावेत, अन्यथा पिल्ले भिजून गारठतात. नुसत्या तांदळाच्या कणीवर पिल्ले जगतात खरी, पण पिसे उशिरा येतात. पहिला महिनाभर तरी पिल्लांचे तयार खाद्य द्यावे.

लसीकरणात घरगुती पाळणारे मागे पडतात, आणि मानमोडीत (राणीखेत रोगात) सगळा कळप एका आठवड्यात जातो. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीवरील लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्यात तिची पुन्हा मात्रा, सहाव्या आठवड्याच्या सुमारास देवीची आणि आठव्या आठवड्यात मानमोडीची आर-टू-बी लस द्यावी. लसीची कुपी बहुधा शंभर किंवा अधिक मात्रांची असते आणि कालवल्यावर ती दोन तासांत संपवावी लागते, म्हणून वस्तीवरील चार-पाच घरांनी एकाच आठवड्यात खुडूक बसवून लस एकत्र आणावी. ती बर्फातूनच आणावी. उन्हात खिशातून आलेली लस टोचणे म्हणजे केवळ समाधान आहे. वेळापत्रकाबाबत जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारणा करावी.

सहा ते आठ आठवड्यांनी कोंबडी पिल्लांना टोचून हाकलू लागली की तिला वेगळे करावे. त्यानंतर काही आठवड्यांत ती पुन्हा अंड्यावर येते. जी कोंबडी बसवायचीच नाही, तिला पाण्यात बुडवणे किंवा नाकात पीस खुपसणे हे जुने उपाय करू नयेत. तळाला जाळी असलेल्या, हवेशीर व उजेडाच्या पिंजऱ्यात दाणापाणी देऊन तीन-चार दिवस ठेवल्यास तिची खुडूक मोडते.