निंबोळीचं तेल चेहऱ्याला लावताय? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे फवारणीचं तेल चेहऱ्याला लावणं. माझ्याकडे साबण शिकायला येणारी एक मुलगी मुरमांनी वैतागली होती. घरात कपाशीसाठी आणलेली निंबोळी तेलाची बाटली होती. तिनं कापसाच्या बोळ्यानं तेच गालांना चोपडलं आणि झोपली. सकाळी गाल लालबुंद, डोळ्यांखाली सूज. त्वचेच्या डॉक्टरांच्या औषधानं आग थांबली, पण काळे डाग कित्येक महिने गेले नाहीत. बाटलीवर ‘अझाडिरॅक्टिन १०,००० पीपीएम’ असं ठळक छापलेलं होतं, म्हणजे निंबोळीतल्या कीडनाशक द्रव्याचं प्रमाण; ही फवारणीच्या औषधाची खूण. अशा औषधात तेल पाण्यात मिसळावं म्हणून इतर रसायनं घातलेली असतात. शंका आली तर पेलाभर पाण्यात दोन थेंब टाकून बघा. पाणी दुधाळ झालं तर ती बाटली शेतातच ठेवा. निव्वळ तेल पाण्यावर तरंगतं.

दुसरी चूक उतावळ्यांची: घाण्याचं शुद्ध तेल आणायचं आणि तसंच थापायचं. निंबोळी तेल जिवाणू आणि बुरशीला आवर घालतं, कोरड्या त्वचेतला ओलावाही धरून ठेवतं. पण ते उग्र आहे, काहींच्या कातडीला सोसतच नाही. मी ५० मिली करडईच्या तेलात १ मिली घालते, त्याहून जास्त नाही. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबते. एवढाही धीर नसेल त्यांनी या वाटेला जाऊच नये.

कपाळावर एकसारखे, खाजणारे बारीक पुरळ असतील तर कुठलंच तेल नको. ते बहुधा यीस्टचे असतात आणि तेलातल्या मेदाम्लांवरच पोसतात. डॉक्टरांना दाखवा.

वास घालवायला लिंबू पिळू नका, उन्हात कातडी पोळते. वास लसणासारखा राहणारच; बिनवासाचं म्हणून विकतात ते बहुतेक रिफाइंड असतं.

थंडीत तेल थिजलं तर गॅसवर चढवू नका, बाटली कोमट पाण्यात ठेवा.

आणि तान्ह्या बाळाला हे तेल लावू नका, चाटवू तर मुळीच नका. पोटात गेल्यावर लहान मुलांना उलट्या होऊन झटके आल्याच्या नोंदी आहेत. बाटली त्यांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवा.