इंग्रजी शब्दांची भावकी कशी ओळखावी

अक्कलकोट रोड एमआयडीसीत पाट्या वाचत चाललात, तर ‘टेक्स्टाइल्स’ हा शब्द पुन्हा पुन्हा दिसेल. सोलापूरच्या पोरांनी इंग्रजी शब्द वाढवायला इथूनच सुरुवात करावी, असं मी क्लासमध्ये पहिल्याच दिवशी सांगते. माझी बरीच मुलं यंत्रमाग कामगारांच्या घरची. घरात तेलुगू, शाळेत मराठी. शंभर शब्दांची यादी पाठ करायला लावणं म्हणजे त्यांचा छळ आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

वहीच्या कोऱ्या पानावर मधोमध टी, ई, एक्स, टी ही चार अक्षरं लिहा. ती याच क्रमाने सलग येतात असे शब्द भोवती मांडा: टेक्स्ट, टेक्स्टाइल, टेक्श्चर, कॉन्टेक्स्ट, प्रीटेक्स्ट. डिक्शनरी लगेच उघडू नका. आधी आपलीच पुस्तकं आणि रस्त्यावरच्या पाट्या धुंडाळा.

आता अर्थ लावा. लॅटिनमध्ये ‘टेक्सेरे’ म्हणजे विणणे. टेक्स्टाइल म्हणजे विणलेलं कापड, टेक्स्ट म्हणजे शब्दांनी विणलेला मजकूर. टेक्श्चर म्हणजे पोत, चादरीवर हात फिरवला की बोटांना लागतो तो. कॉन्टेक्स्टमधलं ‘कॉन’ म्हणजे एकत्र: वाक्य मागच्यापुढच्या वाक्यांशी विणलेलं असतं, तोच त्याचा संदर्भ. प्रीटेक्स्ट मुलांना जड जातो. ‘प्री’ म्हणजे पुढे. खरं कारण झाकायला पुढ्यात विणून धरलेला पडदा, म्हणजे सबब. माग चालताना पाहिलेल्या पोराला हे दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

दुसरं पान ‘पोर्ट’चं. ‘पोर्तारे’ म्हणजे वाहून नेणे. टॉवेल परदेशी पाठवणारा एक्सपोर्टर, स्टेशनवरचा पोर्टर, ट्रान्सपोर्टचा ट्रक, सगळे यात बसतात. सपोर्ट म्हणजे खालून पेलणं, रिपोर्ट म्हणजे खबर परत आणून देणं. पण होटगी रोडच्या एअरपोर्टमधला पोर्ट बंदराचा, लॅटिन ‘पोर्तुस’चा. पोर्शन म्हणजे वाटा, त्याचं मूळ वेगळं. पोर्ट्रेट तर रेघ ओढण्यावरून आलेला. आडनाव एक म्हणून भावकी एक नसते. त्यामुळे प्रत्येक शब्दाला विचारा: यात वाहून नेणं कुठे आहे? उत्तर ओढूनताणून द्यावं लागलं, तर तो शब्द पेन्सिलीने कडेला लिहा आणि मोठ्या डिक्शनरीत त्याची व्युत्पत्ती बघा.

सगळ्यात जास्त फसवतात ती पी, ई, डी ही अक्षरं. सायकलचं पेडल आणि पायी चालणारा पेडेस्ट्रियन यांच्यात लॅटिनमधला पाय आहे. पेडियाट्रिकमध्ये मात्र ग्रीकमधलं मूल आहे, म्हणून तो बालरोगांचा विभाग. ऑर्थोपेडिकची पाटी बघून मुलं हमखास ‘पाय’ म्हणतात, हाडांचा दवाखाना ना! प्रत्यक्षात 1741 साली निकोला आंद्री या फ्रेंच डॉक्टरने ‘सरळ’ आणि ‘मूल’ हे अर्थ असलेले ग्रीक शब्द जोडून तो बनवला. मुलांची वाकडी हाडं सरळ करण्याची विद्या, असा त्याचा पहिला अर्थ. ओळखायची खूण ब्रिटिश स्पेलिंगमध्ये आहे. मूल असेल तिथे बहुतेक वेळा पी, ए, ई, डी. पाय असेल तिथे मधला ए नाही. अमेरिकी स्पेलिंगमध्ये तो ए गळतो, तिथे अर्थावरूनच ठरवायचं.

सराव म्हणून एम, ए, एन, यू घ्या. ‘मानुस’ म्हणजे लॅटिनमध्ये हात, आपला माणूस नव्हे. मॅन्युअल, मॅन्युफॅक्चर, मॅन्युस्क्रिप्ट सहज बसतील. मॅन्युअर, म्हणजे खत, कडेला टाकायची घाई करू नका. त्याचा जुना अर्थ जमीन कसणं, आणि त्याच्याही मुळाशी हाताने केलेलं काम आहे.