डी.फार्मचं ५०० तासांचं ट्रेनिंग : मेडिकल कसं निवडायचं आणि काउंटरवर काय शिकायचं

डी.फार्म म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा, त्याच्या सेकंड इयरची परीक्षा संपली की पोरापोरींचे फोन सुरू होतात, सर तुमच्याकडे ट्रेनिंगला जागा आहे का, आणि लगेच पुढचा प्रश्न, रोज यावं लागेल का हो. हा दुसरा प्रश्न आला की मी समजून जातो. नुसता सही-शिक्का मारून देणारे ठाण्यात पण भेटतात आणि नवी मुंबईत पण, खोटं कशाला बोलू, पण त्या शिक्क्यावर ट्रेनिंगचं सर्टिफिकेट मिळतं आणि मग एक दिवस संध्याकाळी आठ वाजता काउंटरवर तुम्ही एकटे, समोर सात माणसं, हातात डॉक्टरची वाचता न येणारी चिठ्ठी, तेव्हा शिक्का कामाला येत नाही. म्हणून ज्यांना खरंच शिकायचंय त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी हिशोब. हे ट्रेनिंग, म्हणजे डी.फार्म पार्ट थ्री, ५०० तासांचं, तेही कमीत कमी ३ महिन्यांत पसरून, आणि त्यातले निदान २५० तास प्रत्यक्ष प्रिस्क्रिप्शनवरची औषधं देण्यात गेले पाहिजेत. म्हणजे रोज दहा-दहा तास बसून दोन महिन्यांत उरकतो म्हणालात तर तास भरतील पण महिने भरणार नाहीत. रविवार सोडून रोज साधारण साडेसहा तास धरले की तीन महिन्यांत आरामात बसतं. बी.फार्मवाल्यांचं वेगळं असतं, त्यांचं इथे धरू नका.

आता जागा. सरकारी किंवा महापालिकेचं हॉस्पिटल चालतं, लायसन्स असलेलं मेडिकल पण चालतं. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल किंवा वाशीचं महापालिकेचं हॉस्पिटल अशा ठिकाणी गर्दी भरपूर, वॉर्डातून येणारी मागणी कशी पुरवतात, स्टोअरचा साठा कसा ठेवतात हे बघायला मिळतं. पण औषधांची यादी ठरलेली असते आणि ब्रँडचा गोंधळ फारसा नसतो. मेडिकलमध्ये उलटं, एकाच गोळीचे वीस ब्रँड आणि प्रत्येकाचे चार भाऊ. मला विचाराल तर पुढे मेडिकललाच नोकरी करायची असेल तर मेडिकलच घ्या. फक्त एक बघा, एकाच क्लिनिकच्या खाली असलेलं दुकान शक्यतो नको. महिनाभरात त्या एका डॉक्टरची पन्नास-साठ औषधं आणि त्यांचं अक्षर पाठ होतं आणि मग शिकणं तिथेच थांबतं. तीन-चार वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या येतात असं नाक्यावरचं दुकान बघा.

पहिल्यांदा भेटायला जाल तेव्हा गप्पा मारता मारता नजर फिरवा. भिंतीवर औषधविक्रीची फॉर्म २० आणि २१ ची लायसन्सं लावलीत का, रजिस्टर्ड फार्मासिस्ट खुर्चीवर आहे की फक्त त्याचं सर्टिफिकेट भिंतीवर आहे, फ्रिजमध्ये थर्मामीटर आहे का, का त्यात इन्सुलिनशेजारी कोथिंबीर आणि डबा आहे. एवढ्यावरून मालकाचा स्वभाव कळतो. एका फार्मासिस्टकडे एका वेळी दोनच विद्यार्थी घेता येतात, त्यामुळे तिथे आधीच चार पोरं उभी असतील तर तुमच्या वाट्याला फक्त झाडू येईल. पैसे मिळणार का, किती, हे पण त्याच दिवशी विचारून घ्या, लाजू नका. बऱ्याच ठिकाणी काही मिळत नाही, कुठे गाडीभाडं मिळतं, आधी बोलणं झालेलं बरं. आणि वेळ मागताना संध्याकाळची मागा. आपल्याकडे ऑफिसं सुटून लोक ऐरोली, घणसोली, कोपरखैरणेला उतरतात, क्लिनिकं तेव्हाच भरतात आणि सात ते दहा खरी गर्दी असते, दुपारी दोनला उभं राहून माश्या मारण्यात अर्थ नाही.

सुरुवातीचे पंधरा दिवस रॅकचे. कुणी कंपनीवार लावतं, कुणी ए-बी-सी प्रमाणे, जे असेल ते हाताला बसू द्या. याच दिवसांत माल उतरवून घ्यायचं काम मागून घ्या, पोरांना ते हमाली वाटतं पण निम्मं ट्रेनिंग त्यातच आहे. स्टॉकिस्टचा, म्हणजे होलसेलवाल्याचा, माणूस खोकं टाकून जातो, मग बिल हातात घेऊन एकेक आयटम बघायचा : नाव, स्ट्रेंथ (किती मिलिग्रॅमची), बॅच नंबर, एक्स्पायरी, एमआरपी, आणि दहावर एक फ्री असेल तर तो अकरावा आलाय का. स्टिकरवरची बॅच आणि बिलावरची बॅच जुळत नसेल तर तिथेच थांबायचं. लावताना ज्याची एक्स्पायरी आधी तो माल पुढे, कधी आला ते महत्त्वाचं नाही. पाकिटावर ०५/२०२७ लिहिलं असेल तर ते मे महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं, हे साधं वाटतं पण गिऱ्हाईक भांडायला आलं की उत्तर पाठ पाहिजे. इन्सुलिन २ ते ८ डिग्रीला, फ्रिजच्या दारात नाही आणि बर्फाच्या कप्प्याला चिकटून तर अजिबात नाही, गोठलेलं इन्सुलिन परत वितळवून विकायचं नसतं, ते फुकट गेलं म्हणून सोडायचं.

मग चिठ्ठी. इथे जास्त वेळ द्या.

चिठ्ठी हातात आली की औषधावर उडी मारू नका. आधी पेशंटचं नाव आणि वय, तारीख, डॉक्टरचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर, मग औषध. औषधाचं नुसतं नाव कळलं म्हणजे चिठ्ठी वाचली असं होत नाही. टेल्मिसार्टनचंच घ्या, बीपीची गोळी, आपल्याकडे रोज निघते. नुसती ४० वेगळी, ८० वेगळी, पुढे एच असेल तर त्यात हायड्रोक्लोरोथायाझाइड आलं, एएम असेल तर अम्लोडिपिन आलं. बॉक्स जवळपास सारखे, रंगात थोडा फरक. डॉक्टरने घाईत लिहिलेला तो एच कधी नुसती रेघ वाटतो. अशा ठिकाणी नियम एकच, अंदाज नाही. जुनी स्ट्रिप मागा, नाहीतर सरांना, म्हणजे तुम्हाला शिकवणाऱ्या फार्मासिस्टला, दाखवा, सरांनाही खात्री नसेल तर डॉक्टरला फोन. फोन केला म्हणून कुठलाही शहाणा डॉक्टर चिडत नाही, आणि चिडला तर चिडू दे.

पेशंटला विचारायची पण एक पद्धत आहे. अक्षर मेटफॉर्मिन (शुगरची) असेल की मेट्रोनिडाझोल (पोटाच्या इन्फेक्शनची) कळेना, म्हणून तुम्ही विचारलंत, काकू, शुगरची गोळी ना? तर काकू हो म्हणणार. गर्दीत उभी असलेली माणसं कशालाही हो म्हणतात. त्यापेक्षा, काकू, डॉक्टरांकडे कशासाठी गेला होतात, असं विचारा आणि गप्प बसा. दोन दिवस पोट बिघडलंय असं त्या स्वतःच सांगतील. तरी फायनल सरांना विचारूनच, कारण पोट बिघडलेल्या माणसाला शुगर पण असू शकते.

काही नावं दिसली की हात थांबलाच पाहिजे. मेथोट्रेक्सेट त्यातलं पहिलं. संधिवातासाठी ती गोळी आठवड्यातून एकदा असते, रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. चिठ्ठीवर रोज लिहिलेलं दिसलं तर डॉक्टरला फोन केल्याशिवाय स्ट्रिपला हात लावायचा नाही, आणि आठवड्याची असेल तर वार ठरवून पाकिटावर मराठीत लिहून द्यायचा, दर मंगळवारी एकदाच, असं.

रॅकमधून काढताना एकदा, कापण्याआधी एकदा आणि हातात देताना एकदा, तीनदा नाव आणि स्ट्रेंथ वाचायची सवय लावा, पहिल्या आठवड्यात वेडेपणा वाटतो. स्ट्रिप कापताना बॅच आणि एक्स्पायरी छापलेली बाजू शेवटपर्यंत राखायची, कापायची दुसऱ्या टोकाकडून. नाहीतर दुकानात उरतात त्या बिनतारखेच्या चार गोळ्या आणि मग त्यांचं काय करायचं कुणालाच कळत नाही.

एच-वन, म्हणजे चिठ्ठीशिवाय न द्यायच्या आणि वेगळी नोंद ठेवायच्या औषधांची सरकारी यादी. पाकिटावर लाल चौकट आणि लाल आरएक्स. हे शेड्यूल १ मार्च २०१४ पासून लागू आहे, सेफिक्सिम, लेव्होफ्लॉक्सासिन, अल्प्राझोलाम, टीबीची औषधं यात येतात. विकलं की वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं, आणि ते रजिस्टर ३ वर्षं जपून ठेवायचं. हे रजिस्टर ट्रेनिंगमध्ये स्वतःच्या हाताने लिहा. महिन्याच्या शेवटी एकदम बसून भरायची सवय काही दुकानांत असते, ती उचलू नका, एफडीएचा ड्रग इन्स्पेक्टर आला की शाई बघूनच ओळखतो. आणि झोपेची गोळी मागायला रोजच्या ओळखीचे काका आले तरी उत्तर तेच, काका, चिठ्ठी लागेल. आवाज गोड ठेवा, उत्तर बदलू नका. अजून एक, १९४८ च्या फार्मसी ॲक्टचं कलम ४२ सांगतं की प्रिस्क्रिप्शनवरचं औषध देणं हे रजिस्टर्ड फार्मासिस्टचं काम. तुम्ही अजून शिकाऊ आहात, म्हणून सर दहा मिनिटं चहाला गेले आणि तुमच्या भरवशावर काउंटर सोडलं तर चिठ्ठीवाल्याला थांबवायचं, साबण-टूथपेस्ट खुशाल विका.

समजावून सांगणं हा भाग कॉलेजमध्ये दोन मार्कांचा असतो, इथे तो रोजचा. मुलांचं ॲन्टिबायोटिक ड्राय सिरप घ्या. बाटली आधी आपटून पावडर सुटी करायची, उकळून गार केलेलं पाणी खुणेच्या थोडं खाली घालायचं, हलवायचं, फेस बसू द्यायचा आणि मग खुणेपर्यंत पाणी भरायचं. फेसासकट खूण गाठली तर पाणी कमी पडतं आणि डोस जास्त जातो. अमॉक्सी-क्लॅव असेल तर बनवल्यावर फ्रिजमध्ये, आणि ७ दिवसांनी उरलेलं टाकून द्यायचं, पुढच्या तापाला ठेवायचं नाही, हे आईला दोनदा सांगा कारण ती ठेवणार. दम्याच्या रोटाकॅप, म्हणजे यंत्रात घालून श्वासातून ओढायच्या पावडरच्या कॅप्सूल, पाण्याबरोबर गिळणारी माणसं खरोखर आहेत, म्हणून यंत्र समोर उघडून दाखवा आणि त्यांनाच करून दाखवायला सांगा. स्टेरॉइडचा पंप असेल तर घेतल्यावर खळखळून चूळ भरायची. वाचता येत नसेल तर पाकिटावर सकाळसाठी सूर्य आणि रात्रीसाठी चंद्र काढून द्या, तुर्भ्याच्या बाजूला एमआयडीसीत काम करणाऱ्या बऱ्याच भावांना मराठी नाही, हिंदी पण मोडकी, चित्र मात्र सगळ्यांना कळतं.

औषधाने अंगावर पुरळ आलं, चक्कर आली अशी तक्रार घेऊन कोणी आलं तर गोळी बदलून द्यायची नाही. डॉक्टरकडे पाठवा, आणि सरांबरोबर बसून त्याचा रिपोर्ट करून बघा, फार्माकोव्हिजिलन्सची (औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी) हेल्पलाइन १८००-१८०-३०२४ आहे. अख्ख्या ट्रेनिंगमध्ये असा एक रिपोर्ट केलात तरी भरपूर शिकाल.

खिशात छोटी वही ठेवा. रोज भेटलेली नवीन औषधं, ब्रँडसमोर जेनेरिक म्हणजे औषधाचं मूळ नाव, कशासाठी, आणि आज कुठे अडलो. पेशंटचं नाव त्यात लिहू नका. रात्री ट्रान्स हार्बर लोकलला उभ्या उभ्या पाच औषधं चाळली तरी होतं.

फॉर्मचं काम शेवटी ठेवू नका. कॉलेजचा ट्रेनिंगचा फॉर्म पहिल्या दिवशीच भरून घ्या, हजेरीवर दर शनिवारी सही, तीन महिन्यांच्या सह्या एका दिवशी मागितल्या की सरांचा मूड आणि तुमचे तास दोन्ही हलतात. सर्टिफिकेटवर फार्मासिस्टचा रजिस्ट्रेशन नंबर, दुकानाचा लायसन्स नंबर, सुरू आणि संपल्याची तारीख नीट आहे का बघा, खाडाखोड असेल तर नवीन फॉर्म. कॉलेजला द्यायच्या आधी झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये फोटो. पुढची नोंदणी महाराष्ट्र स्टेट फार्मसी कौन्सिलची, त्यांचं ऑफिस मुलुंडला एलबीएस रोडवर ईएसआयएस हॉस्पिटलच्या आवारात आहे, ठाण्याहून एकच स्टेशन. पण कागदावरचं नाव आणि दहावीच्या सर्टिफिकेटवरचं नाव जुळत नसेल तर तिथून परत यावं लागेल, म्हणून स्पेलिंग आत्ताच तपासा.