पऱ्यातले मासे घरच्या टाकीत आणायचे तर

देवरुखच्या बाजूला सह्याद्रीच्या पायथ्याशी जे पऱ्ये, म्हणजे छोटे ओढे, वाहतात, त्यांतले मासे मी घरी पाळते. नवीन माणूस आला की पहिला प्रश्न जाळीचा असतो. मी त्याला आधी टाकी करायला लावते. हा मासा गार, खळाळत्या पाण्यात वाढलेला असतो. गप्पीला किंवा गोल्डफिशला जे साचलेलं पाणी चालून जातं, त्यात तो दोन दिवसांत धापा टाकायला लागतो.

टाकी उंच नको, लांब हवी. ३ फूट लांब, १ फूट रुंद आणि सव्वा फूट उंच घेतलीत तर साधारण १०० लिटर पाणी बसतं. एका टोकाला तासाला १००० लिटर पाणी फेकणारा पंप लावा, तोंड लांबीच्या दिशेने. पाणी आत खेचणाऱ्या बाजूला स्पंज हवाच, नाहीतर लहान मासे तिथे चिकटून मरतात. तळाला नदीची धुतलेली वाळू आणि काळे गोटे घाला. दोनचार मोठे दगड असे रचा की त्यांच्या मागे पाणी संथ राहील, माशांना दम खायला जागा लागते. शिंपले, संगमरवराचे तुकडे, चुनखडीचा दगड घालू नका. आपल्या डोंगराचं पाणी मऊ असतं आणि या वस्तूंनी ते जड होतं. बदामाची वाळलेली पानं मात्र खुशाल टाका.

मग मासे न घालता टाकी चार ते सहा आठवडे चालू ठेवायची. रोज चिमूटभर खाणं टाकायचं. ते कुजून अमोनिया होतो, एक प्रकारचे जिवाणू त्याचा नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचा नायट्रेट. हे जिवाणू स्पंजात आणि वाळूत वसायला तेवढा वेळ लागतो. चाचणीचा संच आणून बघा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार झाली. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर अँटिक्लोरीन घालायला विसरू नका. आणि वर घट्ट झाकण, एक बोटाचीही फट नको.

पावसाळ्यात मासे पकडायला जाऊ नका. जूनमध्ये पहिल्या पुरासरशी मासे वर चढतात, त्यांच्या पोटात अंडी असतात. चढणीचे मासे खायला लोक रात्र रात्र जागतात ते मला ठाऊक आहे, पण पाळण्यासाठी त्या वेळी एकही मासा उचलण्याचं कारण नाही. शिवाय डोंगरात वर पडलेला पाऊस खाली कधी लोंढा घेऊन येईल याचा नेम नसतो. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ चांगला. पाणी काचेसारखं असतं, काय पकडतोय ते दिसतं. उन्हाळ्यात उरलेले सगळे मासे दोनचार डोहांत गोळा झालेले असतात. तिथून काढलेला मासा म्हणजे पुढच्या पावसाचं बियाणं. पात्रापासून तुटलेलं डबकं आटायला आलं असेल, तर मात्र त्यातले जरूर घ्या.

अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात मासे पकडता येत नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ तिथे लागू आहे. आमच्या संगमेश्वर तालुक्याला चांदोली राष्ट्रीय उद्यान लागून आहे, म्हणून हद्द कुठे सुरू होते ते वनखात्याच्या कार्यालयात विचारूनच निघायचं. बंधारा किंवा तलाव ठेक्याने दिलेला असेल तर ठेकेदाराला विचारा. गावातही विचारा. महाडजवळच्या वाळण कोंडीसारख्या देवाच्या कोंडी, म्हणजे देवासाठी राखलेले डोह, कोकणात आहेत, तिथले मासे कोणी धरत नाही. एका वाडीत मी जाळी घेऊन उतरत होते, तर काठावरच्या आजी म्हणाल्या, "त्या कोंडीतलं नको हां गो बाय, ती देवीची हायत." मी खालच्या अंगाला गेले. अशा कोंडींमुळेच बाकीच्या पऱ्यात मासा टिकून आहे, असं माझं ठाम मत आहे.

पकडायला पाग म्हणजे फेकायचं जाळं नको, गळाची गरी तर मुळीच नको. मच्छरदाणीच्या कापडाची चौकोनी चौकट करा, हातभर रुंद. दगडाला चिकटून राहणारा मळ्या मासा धरायचा तर ती दगडाच्या खालच्या अंगाला तळाशी टेकवून उभी धरा आणि दुसऱ्याने वरच्या बाजूने दगड हळूच उचलायचा. प्रवाह माशाला जाळीत आणून सोडतो. हात घालण्याआधी काठीने दगड हलवा, खाली खेकडा किंवा विरोळा हा पाणसाप असतो. दगड परत ठेवताना शेवाळाची बाजू वर आणि होता त्याच खळग्यात. त्याच्या पोटाला किड्यांची घरटी चिकटलेली असतात, उलटा ठेवला की ती वाळून जातात. ब्लीचिंग पावडर टाकून किंवा विजेची तार सोडून मासे काढणाऱ्यांकडून एकही मासा घेऊ नका. एका पाकिटात अख्ख्या कोंडीतले बेडूकमासे, झिंगे, किडे सगळे संपतात.

मळ्याचं शास्त्रीय नाव गारा मुल्या. कर्नल सायक्स यांनी १८३९ साली दख्खनच्या नद्यांतून त्याची नोंद केली. हनुवटीखाली त्याला चकती असते, तिने तो काचेला चिकटून बसतो आणि शेवाळ खरवडून खातो. उजेडात ठेवून शेवाळ धरलेले गोटे तयार ठेवलेत तर तो पहिल्या दिवसापासून जेवतो. काळ्या पट्ट्याची दांडवण आणि निळ्या-पिवळ्या रेघांचा डेवॅरिओ हे थव्याने राहतात, सहा-आठ एकत्र हवेत. पिकू वरून बघितला की डोक्यावरच्या चकाकत्या ठिपक्याने ओळखू येतो. तो अगदी पृष्ठभागाशी राहतो आणि झाकण नसेल तर जमिनीवर सापडतो. डोक हा मासा देखणा आहे, नर तोंडात पिल्लं सांभाळतो, पण त्याला वेगळी टाकी द्या. लहान मासे तो गिळतो. महसीरची पिल्लं परत सोडा, तो मासा घरात मावणारा नाही. गोवा आणि दक्षिण कोकणच्या ओढ्यांतली सेटनाई ही छोटी खवली संकटात आलेली जात आहे. दिसली तर बघा आणि पुढे जा. एका जागेवरून थव्यापुरतेच मासे घ्या, तेही लहान. ते नव्या खाण्याला लवकर सरावतात.

पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा. थर्माकोलच्या खोक्यात सावलीला ठेवा, बॅटरीचा एअरपंप असेल तर उत्तम. घरी आल्यावर पिशवीत टाकीचं पाणी थोडं थोडं घालत तासभर घ्या, मग मासे वेगळ्या छोट्या टाकीत तीन आठवडे ठेवा. अंगावर दोऱ्यासारखा अँकर वर्म हा परजीवी, जळवा, पांढरे ठिपके दिसतात का ते रोज बघा. मुख्य टाकीत रोग गेला की काढणं फार कठीण.

दाणे हे मासे सुरुवातीला तोंडात घेतात आणि थुंकतात. पहिले काही दिवस डासांच्या अळ्या, बारीक चिरलेलं गांडूळ द्या. मग त्यातच थोडे भिजवलेले दाणे मिसळत जा.

सांभाळणं जमेना तर मासे दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. दुकानातल्या माशांबरोबर राहिलेला मासा पऱ्यात परत सोडायचा नाही, त्याच्याबरोबर रोग जातो. घाटावरचा मासा कोकणातल्या पऱ्यात तर कधीच नाही.

जून आला की पत्रे धुऊन गेल्यावरचं पावसाचं पाणी साठवा आणि टाकीतलं तिसरा हिस्सा पाणी त्याने बदला. गार, मऊ पाणी मिळालं की डेवॅरिओ पहाटे बारीक पानांच्या झाडांत अंडी घालतात. मोठे मासे लगेच बाजूला काढा, ते अंडी खातात. दोन दिवसांत पिल्लं फुटतात. ती पोहायला लागेपर्यंत पाला कुजवलेलं पाणी तयार ठेवा, त्यातले सूक्ष्म जीव हेच त्यांचं पहिलं खाणं.