सदाशिव पेठेचा पिनकोड सोलून बघू या

पाकिटावर नुसतं ‘पुणे ३०’ लिहिणारे अजून आहेत. आपल्याला मात्र सहाही अंक लागतील: ४११०३०. या संख्येच्या पोटात काय आहे ते कागद-पेन्सिल घेऊन शोधू. आपला पिनकोड घेतलात तरी रीत हीच.

आधी शेवटचा अंक बघा. शून्य आहे, म्हणजे २ आणि ५ने भाग जातोच. शेवटच्या ३०ला ४ने भाग जात नाही, त्यामुळे २ एकदाच येणार. आता अंकांची बेरीज: ४+१+१+०+३+० = ९. म्हणजे ९नेही भाग जातो. एकदम ९०ने भागा. उत्तर ४५६७! ओळीने आलेले चार अंक बघून मी भागाकार परत केला होता.

खरी मेहनत पुढे आहे. ४५६७ मूळ संख्या आहे का? तिचे दोन अवयव पडत असतील, तर दोन्ही वर्गमुळापेक्षा मोठे असूच शकत नाहीत. तसे असते तर त्यांचा गुणाकार ४५६७च्या पुढे जाईल. ६७चा वर्ग ४४८९, ६८चा ४६२४. म्हणून ६७पर्यंत तपासलं की पुरे. २, ३, ५ने भाग जात नाही हे दिसतंच. उरतात ७पासून ६७पर्यंतच्या १६ मूळ संख्या. (५१ आणि ५७ मूळ वाटतात, पण नाहीत, १७×३ आणि १९×३. त्यांच्यावर वेळ घालवू नका.) ७ने भागल्यास बाकी ३, १३ने ४, ४३ने ९... एकदाही शून्य येत नाही. म्हणजे ४५६७ मूळच.

४११०३० = २ × ३² × ५ × ४५६७

विभाजक किती, ते घातांकांवरून कळतं. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणा: २×३×२×२ = २४.

आता गंमत. फर्ग्युसनमध्ये शिकलेले आणि देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांनी, अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणाऱ्या संख्येला ‘हर्षद’ नाव दिलं. आपली बेरीज ९, भागाकार ४५६७०. सदाशिव पेठ हर्षद! डेक्कनच्या ४११००४ची बेरीज १०, कोथरूडच्या ४११०३८ची १७. दोघांनाही भाग जात नाही.

कापरेकरांची दुसरी कसोटी ‘स्वयंभू’पणाची. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही, ती स्वयंभू. तपासायला मागे मागे जायचं, पण प्रत्येक संख्या बघायची गरज नाही. संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना ९ने भागलं की बाकी सारखीच राहते. इथे दोन्ही मिळून बाकी शून्य हवी, म्हणून जनक संख्याही ९च्या पटीतलीच असणार. तशी पहिलीच मागची संख्या ४११०२१. बेरीज ९. मिळवा: ४११०३०.

म्हणजे सदाशिव पेठ स्वयंभू नाही. आणि ४११०२१ हा पाषाणचा पिनकोड. पेठेत हे जरा बेताने सांगा.