निशाणाआधी कोट पाहा

'काळी पाचवी' हे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या एका पलटणीचं नाव पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा मागे एखादी भयंकर लढाई असेल असं वाटलं होतं. निघालं शिंपीकाम! जुन्या मुंबई फौजेतली ही पाचवी पलटण. लाल कोट, पण कॉलर आणि बाह्यांचे कफ काळे. या वेगळ्या रंगाच्या कापडाला 'फेसिंग' म्हणतात. पुढे पलटणीचे क्रमांक बदलत गेले, कोटही गेला. नावात रंग राहिला.

पलटणींच्या निशाणांचा अभ्यास करायचा असेल तर सुरुवात इथूनच करा. 1747 च्या ब्रिटिश नियमानुसार पायदळाच्या रेजिमेंटला दोन निशाणं: एक राजाचं, म्हणजे युनियन हा ब्रिटनचा राष्ट्रध्वज, आणि दुसरं रेजिमेंटचं, फेसिंगच्या रंगाचं. तोफा-बंदुकांच्या धुरात आपली माणसं कुठे आहेत हे शिपायाला दिसावं, हा साधा हेतू.

मी मात्र हा नियम पाठ केला आणि तिथेच फसलो. ब्रिटिश 58 वी रेजिमेंट, फेसिंग काळं, टोपणनावही 'ब्लॅक कफ्स'. मी टिपणात बिनधास्त लिहिलं, 'निशाण: संपूर्ण काळं'. एका जाणकारांनी शांतपणे अपवाद दाखवले. फेसिंग लाल किंवा पांढरं असेल तर निशाण पांढरं, त्यावर सेंट जॉर्जचा, म्हणजे इंग्लंडच्या ध्वजावरचा, लाल क्रूस. काळ्या फेसिंगला तोच लाल क्रूस, वरच्या कोपऱ्यात युनियन, आणि उरलेले तीन चौकोन काळे. नियमाआधी अपवाद वाचायची सवय तेव्हापासून लागली. याच 58 व्या रेजिमेंटने 28 जानेवारी 1881 रोजी दक्षिण आफ्रिकेत लँग्ज नेकला निशाणं लढाईत नेली. ब्रिटिश पायदळाने ती लढाईत नेण्याची ती शेवटची वेळ.

त्याच वर्षी सैन्याची फेररचना झाली. इंग्लिश आणि वेल्श रेजिमेंटना पांढरं फेसिंग, स्कॉटिशना पिवळं, आयरिशना हिरवं, 'रॉयल' हा किताब असलेल्यांना निळं. म्हणून कुठल्याही टिपणात रंगाशेजारी साल हवंच. नुसतं 'हिरवं' लिहिलेलं टिपण माझ्या लेखी रद्दी.

ब्रिटिश परंपरेतल्या रायफल रेजिमेंटचं निशाण शोधत बसू नका, ते नसतंच. सिरमूर बटालियन ही गुरखा पलटण 1858 मध्ये रायफल झाली तेव्हा निशाणं सोडावी लागली. 1857 मधल्या दिल्लीतल्या कामगिरीबद्दल तिला त्याऐवजी निशाणासारखा मिरवायचा एक मानाचा दंड ('ट्रंचन') मिळाला. तोफखान्याचं तर तोफ हेच निशाण.

भारतातला धागा 23 नोव्हेंबर 1950 ला तुटतो, खरं तर गाठ बसते. त्या दिवशी डेहराडूनच्या भारतीय लष्करी अकादमीतल्या चेटवुड हॉलमध्ये 33 रेजिमेंटांची राजाची निशाणं मानाने विसावली. पुढे राष्ट्रपतींची निशाणं आली. जुनी यादी आणि नवी यादी एकाच वहीत भरू नका, गोंधळ होतो.

आणि प्रत्यक्ष निशाण समोर आलं की डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. रेशीम उजेडाने विटतं. फिकट पिवळसर 'बफ' बघता बघता पांढरा वाटू लागतो. स्वतः हात लावू नका. काठी सरकवायची जी शिवलेली नळी असते, तिची आतली बाजू दाखवायला संग्रहालयातल्या माणसाला विनंती करा. तिथे ऊन पोचलेलं नसतं.