लायसन्सच्या अर्जातली सिलेक्टिव्ह सर्व्हिसची ओळ

अमेरिकेत सक्तीची सैन्यभरती १९७३ पासून बंद असली, तरी १८ ते २५ वयाच्या पुरुषांनी सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये (गरज पडल्यास सैन्यात बोलावता येतील अशा पुरुषांची यादी ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेत) नाव नोंदवावे, हा कायदा १९८० पासून पुन्हा लागू आहे आणि तो ग्रीन कार्डधारकांनाही बंधनकारक आहे. अनेक राज्यांनी ही नोंदणी ड्रायव्हिंग लायसन्सच्या अर्जाशी जोडली आहे. कुठे वेगळ्या चौकटीत खूण करावी लागते, तर कुठे अर्जावरची सहीच संमती मानली जाते. म्हणून मुलगा अर्ज भरत असेल, तेव्हा सहीच्या वरचा बारीक मजकूर त्याच्याकडून वाचून घ्यावा. (तो आपण होऊन वाचणार नाही, हे गृहीत धरावे.)

एच-४ (नोकरीसाठी आलेल्यांच्या कुटुंबीयांच्या) किंवा एफ-१ (विद्यार्थ्यांच्या) व्हिसावर वैध वास्तव्य असलेल्यांना ही नोंदणी लागू नाही. मात्र २६ वर्षे पूर्ण होण्याआधी ग्रीन कार्ड मिळाले, तर ती करावी लागते, आणि आपल्या घरांत नेमके हेच नजरेतून सुटते. सव्विसाव्या वाढदिवसानंतर नोंदणी स्वीकारली जात नाही आणि पुढे नागरिकत्वाच्या अर्जात तिची विचारणा होते. लायसन्स मिळाले म्हणजे नोंदणी झाली, असे न मानता सिलेक्टिव्ह सर्व्हिसच्या संकेतस्थळावर आडनाव, जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक घालून खात्री करावी व पोचपत्र पासपोर्टसोबत जपून ठेवावे.